टाळलेलं बोलणं

अलिबाग,
२ डिसेंबर २०२५

ताई,

पाकीट बघून दचकू नको. कोणी गेलेलं नाही, मला काही झालेलं नाही, पोलिसांचंही काही नाही. दारात पोस्टमन दिसला की तू आधी चौकट धरशील, त्यात तुझा आठवा चालू, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.

पत्र लिहितोय कारण लिहावंच लागतंय. कॉलेजात आम्हाला एक पेपर आहे, संवाद कौशल्य. म्हणजे बोलायला शिकवतात. हस. मीपण हसलो होतो, पहिल्या तासापर्यंत. सुचित्रा मॅडम शिकवतात. त्यांनी सांगितलं की प्रत्येकाने घरच्या एका माणसाला हाताने पत्रं लिहायची आणि उत्तरं मिळवायची. त्या नुसती पाकिटं मोजणार, आतलं वाचणार नाहीत. माझं काय बिघडतंय, माझा फोन तसाही काशीदच्या समुद्रात आहे. तिथे बनाना राइडवर कामाला होतो, शेवटी पाहुण्यांना पाण्यात उलटवायचं असतं, त्या गडबडीत मीच आधी पडलो. पाहुण्यांना वाटलं तो खेळाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तर पहिला तास. एकेकाने उभं राहून नाव, गाव आणि आवड सांगायची. माझी पाळी आली, उभा राहिलो, आणि ताई, मला माझं नाव सांगता येईना. विसरलो नव्हतो, नाव छातीत होतं, पण वर येत नव्हतं. कानात भरतीसारखं काहीतरी वाजायला लागलं. वर्गात सगळे माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, सगळे वळून बघतायत. मागून ऋत्विक म्हणाला, "मॅडम, याला रेंज नाही." हा ऋत्विक इथला, अलिबागचाच, त्याला बोलायला माईक लागत नाही, बंद करायला बटण लागतं. मी खाली बसलो. हात मांडीखाली घेतले.

मी खोपोलीच्या ढाब्यावर भांडी घासली, घोडे फिरवले, आता सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर सामानाची ट्रॉली ढकलतो. कुठे कोणाशी बोलायला अडलो नाही. चालता चालता बोललं तर येतं. उभं करून ‘बोल’ म्हटलं की संपलं. जेट्टीवर एक गंमत सांगतो, लोक बोटीतून सीगलना कुरकुरे टाकतात आणि ते पक्षी असे ओरडतात की... ते जाऊदे, मुद्दा राहिला.

मुद्दा हा. मॅडमनी प्रत्येकाला एक काम दिलंय. ज्या माणसाशी बोलायचं आपण टाळत आलोय त्याच्याशी जाऊन बोलायचं, आणि मग जानेवारीत बाहेरून परीक्षक येतील त्यांच्यासमोर दहा मिनिटं उभं राहून ते सांगायचं. पेपर गेला तर वर्ष गेलं. कोणाशी बोलणार ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं होतं. मी ‘बाबा’ लिहिलं, चिठ्ठी दिली, आणि लगेच वाटलं की ती परत घेऊन गिळून टाकावी.

बाबांनी तुझ्याकडून निरोप धाडला होता ते विसरलोय असं समजू नको. ‘न सांगता तीनदा गेला. का गेला ते तोंडानं सांगायचं असंल तर घरी ये, न्हायतर नको.’ दोन वर्षं झाली. ताई, मला कारणच माहीत नाही. त्यांचा आवाज लागला की माझी अक्कल सांडते, मग पाय चालायला लागतात. हे काय कारण झालं?

तू एवढंच कळव की बाबा दिवसाच्या कुठल्या वेळी जरा कमी भीतिदायक असतात.

तुझा,
प्रज्योत


खारपाडा, पोयनाडजवळ
९ डिसेंबर

प्रज्योत,

चौकट धरलीच मी. तुझी पहिली ओळ वाचायला पाकीट आधी फोडावं लागतं, एवढं तरी डोकं चालवायचं.

बोलायला शिकतोयस हे चांगलं आहे. लहानपणी तू झोपेतसुद्धा बोलायचास, आई म्हणायची याच्या तोंडाला खांड पडलीय, बांध घालायला माणसं बोलवा. आई गेली आणि तू गप्प झालास, मग पळायला लागलास. मी काही मॅडम नाही, पण मला एवढं दिसतं.

घरी सगळं ठीक आहे. थंडी बरी पडलीय. परवा अलिबागला डॉक्टरकडे जाऊन आलो. मला जिने चढू नका, प्रवास करू नका म्हणालेत, बाकी बाळ व्यवस्थित आहे. हे पुण्याहून दर रविवारी येतात.

बाबांना थंडीने खोकला झालाय. हल्ली बोलतात कमी. मिठागरावर जातात तेव्हा बरोबर शिट्टी नेतात, माणसांना शिट्टी मारून बोलावतात. घरात मला हाक मारायची तर टेबलावर वाटी वाजवतात. वय झालं, दुसरं काय.

तू वेळ विचारलीस. वेळ बघत बसू नको. या रविवारी मडक्यात पोपटी लावणार आहोत, वालाच्या शेंगा चांगल्या आल्यात, भांबुर्डीचा पाला मी आणून ठेवते. ये. परीक्षेसाठी म्हणून येऊ नको, जेवायला ये. बाबांना मी सांगून ठेवते. ते काही म्हणणार नाहीत.

खरंच ये. माझी पाठ दुखतेय, जास्त लिहीत नाही.

ताई


अलिबाग,
१८ डिसेंबर

ताई,

पोपटीला आलो नाही. चिडली असशील. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि ‘ते काही म्हणणार नाहीत’ या वाक्यापाशी अडकलो. बाबा आणि काही म्हणणार नाहीत? अगं, ज्यांनी मिठागराच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा माणूस फावडं टाकून पळत येतो, ते वाटी वाजवतायत? भरतीच्या वेळी बांध फुटला तर अख्खं गाव त्यांच्या आरोळीवर उठतं. एवढा माणूस शिट्टी मारतो म्हणजे आत किती साठलं असेल. मला ठाऊक आहे, ते सगळं माझ्यासाठी राखून ठेवलंय. एकदा मी समोर आलो की सुटणार.

मी तयारी करत नाही असं नाही. मॅडमनी सांगितलंय, ‘तुम्ही असं केलंत’ म्हणायचं नाही, ‘मला असं वाटलं’ म्हणायचं. ते मी नारळाच्या झाडासमोर म्हणून बघितलं. झाडाने ऐकून घेतलं. मॅडम असंही म्हणतात की समोरच्याच्या नजरेला नजर द्या, त्याने विश्वास वाढतो. मी विचारलं नाही, पण मनात म्हटलं, मॅडम, आमच्या घरात नजरेला नजर दिली तर विश्वास नाही, गाल वाढतो.

आता खरं काय झालं ते सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो आणि झाडाकडे गेलो.

काल सकाळी मांडव्याला मी ट्रॉलीवर कोणाच्या तरी पाच बॅगा लादत होतो. मुंबईची बोट लागायची होती. रांगेत बाबा दिसले. पांढरा शर्ट, लग्नाला घालतात तो. गळ्याला मफलर, एवढं ऊन असून. हातात ती निळी पिशवी, आणि बाजूला हरेश्वर काका. आपला चुलता कधी बोटीने जात नाही, त्याला उलट्या होतात, तरी होता.

बाबांनीही मला बघितलं, अगदी पक्कं बघितलं. त्यांचं तोंड उघडलं, ओठ हलले. मग त्यांनी तोंड मिटलं, मान फिरवली आणि समुद्राकडे बघत राहिले. ओठांवरून शिवीच असणार. चार माणसांत म्हणून गिळली.

आणि मी विचारलं नाही, ताई. निघालेल्या माणसाला कुठे चाललास विचारायचं नसतं हे आपल्याकडे दूध पितानाच शिकवतात. आठवतंय, आईने एकदा ट्रकची काच पुसता पुसता सहज ‘कुठं?’ विचारलं, तर बाबा परत उतरून ओटीवर बसले, पाणी प्याले, चूळ भरली आणि अर्ध्या तासाने निघाले. भरलेला ट्रक दारात उभा. मॅडम वर्गात म्हणतात की प्रश्न विचारा, मोकळे प्रश्न विचारा, त्यानेच संवाद सुरू होतो. मी ट्रॉलीमागे वाकून बॅगेचा पट्टा आवळत बसलो आणि स्वतःला म्हटलं, निघालाय माणूस, विचारायचं नसतं. खरं सांगू, मला बरं वाटलं की असा नियम आहे.

बोट सुटली. काकाने वळून बघितलं, बाबांनी नाही.

आता ते निघून गेलेत, आता विचारलं तर अपशकुन होत नसेल. कुठे गेले होते? जमिनीचं काही आहे का? माझ्यामुळे काही आहे का?

प्रज्योत


खारपाडा,
२२ डिसेंबर

प्रज्योत,

हे पत्र दादू रिक्षावाल्याबरोबर पाठवतेय, पोस्टाची वाट बघवत नाही. उभ्याने वाचू नको, बसून घे.

बाबांच्या घशात गाठ आहे. कॅन्सरची. डिसेंबरच्या सुरुवातीला अलिबागच्या डॉक्टरांनी बघितली. तुला मी ‘डॉक्टरकडे जाऊन आलो’ लिहिलं, तू समजलास माझ्यासाठी. माझ्यासाठी नव्हतंच ते. मांडव्याला तू त्यांना बघितलंस तेव्हा ते मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तपासणीला चालले होते. वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकायला नको म्हणून बोटीने गेले.

सहा जानेवारीला ऑपरेशन आहे. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. स्वरयंत्र काढावं लागणार. म्हणजे आवाज जाणार, प्रज्योत. कमी होणार किंवा बसणार असं नाही, जाणार. गळ्याला एक भोक ठेवतील, त्यातून श्वास घ्यायचा. पुढे कसलं तरी यंत्र लावून थोडं बोलता येतं म्हणतात, पण तो त्यांचा आवाज नसेल. आताच अर्धा गेलाय. कधी निघतो, कधी नुसती हवा. म्हणून शिट्टी.

तुला का सांगितलं नाही? त्यांनी मला माझ्या पोटावर हात ठेवायला लावून शपथ घातली. म्हणाले, "पोराला सांगू नको गो बाय. तो घाबरंल. घाबरला का तो पलतो. आता पलाला तर मना हाकपण मारता येवाची न्हाय."

ती शपथ मी आज मोडतेय. मोडल्यापासून बाळ हललं नाही असं वाटत होतं, मग दुपारी हललं. तुला वाटतं तू एकटाच घाबरतोस.

चार तारखेला ते दाखल होतील. तोवर घरीच आहेत. ये.

ताई


अलिबाग,
३० डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचलं तेव्हा दादू समोर उभा होता, त्याला वाटलं मला फिट आली. त्याने मला उसाचा रस पाजला.

मी येऊन गेलो. दोनदा. तुला दिसलो नाही कारण दिसलोच नाही. पोयनाडच्या नाक्यावर उतरलो आणि चालत आलो. पहिल्यांदा खाडीच्या उघडीपाशी, पाणी सोडायच्या दारापाशी, थांबलो, तिथे दोन बगळे भांडत होते, ते बघत बसलो आणि शेवटची एसटी आली. तुला राग येईल, पण असंच झालं. दुसऱ्यांदा काकाच्या पडवीपर्यंत पोचलो. तिथून आपलं अंगण वीस पावलं. कान लावला. पूर्वी दर वेळी तिथूनच बाबांचा आवाज लागायचा आणि माझे पाय अडायचे. या वेळी काहीच आलं नाही. भांड्याचा आवाज आला, कोंबडी बोलली, बाबा नाही. ताई, आजवर त्या आवाजाला घाबरलो, पण तो नव्हता तेव्हा जे वाटलं त्यापुढे ती भीती काहीच नव्हती. मी पळालो. बाबा म्हणाले होते तसंच केलं.

दुसरं म्हणजे माझी परीक्षाही सहा तारखेलाच आहे. मुद्दाम ठरवून कोणी केलं नसतं असं. मी स्टाफरूममध्ये मॅडमकडे गेलो. सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा कानात भरती. मॅडम थांबल्या. मी खिडकीकडे तोंड केलं आणि खिडकीला सगळं सांगितलं, गाठ, तारीख, पडवी, सगळं. सांगून झालं तेव्हा मॅडमनी चष्मा काढला होता. पण त्या म्हणाल्या, परीक्षक बाहेरचे आहेत, एकदाच येतात, माझ्या हातात नाही. गैरहजर लागेल. मी चिडलो नाही. खरं तेच त्या बोलल्या.

वर्ष गेलं तर मला भीती वाटते ती वर्षाची नाही. मला माझे पाय माहीत आहेत. एकदा सुटलं की मी पुन्हा कुठल्यातरी ढाब्यावर असेन. आणि इस्पितळात गेलो तर त्यांना काय सांगू? त्यांना कारण पाहिजे. शेवटचं बोलणं आणि त्यात ‘का गेलास’ आलं आणि मी गप्प राहिलो तर? ते तसंच राहणार ना मग, कायमचं.

काय करू ते लिही. दादू उद्या परत येतोय.

प्रज्योत


खारपाडा,
२ जानेवारी २०२६

प्रज्योत,

काय करू म्हणून मला विचारू नको. माझं पोट पुढे, पाय सुजलेले, दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढायला मला माणूस लागतो. तरी मी गेले असते. मला जाऊ देत नाहीत.

काका बरोबर आहे, पण काका रक्त बघून आडवा होतो. आत बोलावलं, सही मागितली, काही विचारलं तर उत्तर द्यायला घरचं माणूस पाहिजे. ते तू आहेस. तुला बोलता येतं की नाही हे मला माहीत नाही. दुसरं कोण नाही एवढं माहीत आहे.

कारण शोधू नको. कोण मागतंय आता कारण? काल ते माझ्याजवळ बसून तुझं पत्र आलं का विचारत होते, खुणेने.

एकच काम सांगते. काकाच्या फोनमध्ये त्यांचा आवाज भरून आण. काहीही बोलू देत. बाळाला आजोबांचा आवाज पाहिजे. मी इथे प्रयत्न केला, तर फोन समोर धरला की ते तोंड मिटून बसतात, फोटो काढल्यासारखे.

ताई


मुंबई,
६ जानेवारी, सकाळ

ताई,

मी इस्पितळात आहे. बाबांना आत नेलं. काका संध्याकाळच्या बोटीने परत निघेल तेव्हा त्याच्याबरोबर हे देईन. काल दुपारी आलो. गेटपर्यंत येऊन समोरच्या फुटपाथवर मोसंबीवाल्याशी गप्पा मारत बसलो, त्याचं गाव रोह्याजवळ निघालं, त्याच्या म्हशीचं बाळंतपण ऐकलं. मग काकाने मला बघितलं आणि मनगट धरून आत आणलं. तेव्हा आपल्या पायाने आलो असं लिहीत नाही.

वॉर्डात लांबलचक ओळ आहे खाटांची. बाबा खिडकीजवळच्या खाटेवर. इस्पितळाचा हिरवा झगा घालून बसलेले, त्यातून त्यांचे पाय बाहेर, मिठाने पांढरे पडलेले. ते पाय मी ओळखले, तोंड ओळखायला वेळ लागला. केवढे बारीक झालेत. तू लिहिलं नव्हतंस.

काल बोलणं झालं नाही. थोड्या वेळात ते झोपले, मी खाटेखाली. आज सकाळी नर्स म्हणाली, दहाला नेणार, काय बोलायचं ते बोलून घ्या. काका लगेच चहाला गेला. मी उभा राहिलो. कानात भरती आलीच. मी म्हटलं, "बाबा, मला असं वाटतं..."

त्यांनी हात वर केला. मी थांबलो. मला वाटलं आता विचारणार.

म्हणाले, "चावी."

आवाज कसा होता सांगू? खोक्यात खडे हलवल्यासारखा. प्रत्येक शब्दाला जोर लावत होते, गळ्याच्या शिरा टरारत होत्या. "ट्रक घेऊन निंघालास नि खोपोलीला उतरून गेलास. गेलास तं गेलास. चावी गाडीतच? दहा टन मीठ भरलेला. कोण घेऊन गेला असता तं?"

मी म्हटलं, "मग?"

"मग काय मग? ढाबेवाल्यानं ओलखला गाडीला म्हणून वाचली. मना फोन केला. मी वडखलवरून टमटमनं गेलो, टमटमनं."

ताई, हे मला माहीत होतं. ढाबेवाल्यानेच मला नंतर सांगितलं होतं. तरी मी म्हटलं, "टमटमनं कसं काय?" आणि ते सांगायला लागले. टमटममध्ये कोण होतं, त्याने मध्येच डिझेल कसं भरलं, खोपोलीला पोचले तेव्हा टायर कसा बसला होता. मग मागचं निघालं. दहावीला मी पेपर सोडून मासे पकडायला गेलो ते. त्यांचं घड्याळ मी खोलून बघितलं आणि तीन स्क्रू उरले ते. शेजारच्या खाटेवरचे भागोजी म्हणून एक म्हातारे कुशीवर वळून ऐकत होते, घड्याळाच्या वेळी तेही हसले. बाबा मध्येच थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, दुखायचं त्यांना, डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायला हवं होतं की पुरे, बोलू नका. मी नाही म्हटलं. मी प्रत्येक वेळी ‘मग?’ म्हटलं. मॅडमनी ऐकण्याचं शिकवलंय ते हे नव्हे. मला हाव सुटली होती. दोन वर्षं ज्या आवाजाला भिऊन मी घरात पाय ठेवला नाही, त्याला मी अजून शिव्या द्या, अजून द्या, असं करत होतो.

त्यांनाही कळलं. म्हणाले, "तुना माहीत हाय सगला. मुद्दाम विचारतंस."

मी खाली बघितलं. त्यांनी पुढे बोलायचं सोडलं नाही.

नर्स ट्रॉली घेऊन आली तेव्हा मी एकदम म्हटलं, "बाबा, मांडव्याला बोटीवर चढताना कुठे निघालात ते विचारायला पाहिजे होतं मी. नाही विचारलं." बोललो, ताई. उभ्याने, सगळ्यांसमोर.

ते माझ्याकडे बघत राहिले, मी पण बघितलं. म्हणाले, "मी हाक मारली तुना. जेट्टीवर. दोनदा मारली. आवाज निंघाला न्हाय रं. मग मना लाज वाटली, धर्मा घरताची हाक पोरापर्यंत पोचत न्हाय. म्हणून तोंड फिरवला."

ती शिवी नव्हती, ताई. माझं नाव होतं.

मग त्यांना ट्रॉलीवर घेतलं. मी बाजूने चालत गेलो, तिथे एक पिवळी रेघ आहे, तिच्यापुढे सोडत नाहीत. रेघेपाशी ते काहीतरी म्हणाले पण ट्रॉलीचं चाक करकरत होतं, मला ऐकू आलं नाही. मी ‘काय?’ म्हटलं. दार बंद झालं होतं. आता मी ते काय होतं याचाच विचार करतोय. कदाचित दाढी कर म्हणाले असतील. सकाळपासून दोनदा म्हणाले होते.

आणि तुझं काम राहिलं. काकाचा फोन माझ्या खिशातच होता. ऐकण्याच्या नादात काढलाच नाही. ट्रॉली गेल्यावर हात खिशात गेला आणि फोन लागला तेव्हा जे झालं ते मी लिहीत नाही. बाळाला मी काय सांगणार? मी आवाज काढून दाखवीन म्हटलं तर ती नक्कल होईल. तू माझ्यावर ओरड. भेटल्यावर ओरड, लिहू नको.

तिकडे अलिबागला आता ऋत्विक बोलत असेल. माझ्या नावापुढे गैरहजर लागलं असेल. मला अजून भीती वाटतेय, कमी झालेली नाही. उलट जास्त आहे, कारण आता काहीतरी गमावण्यासारखं आहे. पाय हलतायत, मघाशी जिन्यापर्यंत जाऊन आलो. खाली उतरलो नाही. जाऊन परत आलो आणि इथे बाकावर बसलो, एवढं मात्र तू काकाला विचारून घे, तो साक्षीला होता.

भागोजींच्या सुनेने मला अर्धा पाव दिला. तिचं म्हणणं, डॉक्टर बाहेर आले की घाबरून नुसती मान हलवायची नाही, सगळं विचारून घ्यायचं, कुठली नळी कशाला, खायला कधी, घरी कधी. मी प्रश्न पाकिटाच्या मागे लिहून ठेवलेत. तुला त्यातलं काही वाचता आलं नाही तर सोड.

दुपार टळलीय. दार उघडलं. हिरव्या कपड्यातला माणूस आहे. बघतोय सगळीकडे, बाकांवर खूप माणसं आहेत. "धर्मा घरतांचं कोण आहे?" म्हणतोय. काका पुन्हा चहाला गेलाय. पुन्हा विचारलं त्याने, आणि तो लांब आहे, इथून मोठ्याने सांगावं लागणार.

थांब ताई, बोलून येतो.